थेट खात्यात येणाऱ्या अनुदानातून जोडउत्पन्न: अल्पभूधारक कुटुंबासाठी पहिल्या वर्षाची आखणी

हा लेख ज्यांनी नुकतीच घरची शेती हाती घेतली आहे, ज्यांच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ज्यांच्या कुटुंबाच्या खात्यात सरकारी मदतीचे हप्ते थेट जमा होतात, अशा वाचकांसाठी आहे. उदाहरणे मराठवाड्यातील सोयाबीन-तूर घेणाऱ्या शेतकऱ्याची घेतली आहेत, कारण पिकाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदाच येण्याची अडचण तिथे सर्वांत ठळक दिसते. अन्य भागांतील वाचकांनी पिकांची नावे आणि महिने बदलून हीच पद्धत वापरावी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हप्त्याची रक्कम मुख्य पिकाच्या खर्चात घालणे हा तिचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. दोन हजारांच्या हप्त्यातून डीएपी खताची 1,350 रुपयांची एक गोणी घेतली की साडेसहाशे रुपये उरतात आणि वर्षअखेरीस त्या गोणीने नेमके काय दिले हे कोणालाही सांगता येत नाही. पिकासाठी त्याहून स्वस्त पैसा उपलब्ध आहे. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज वेळेत फेडले, तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. त्यामुळे बी-खताची सोय पीककर्जातून करावी आणि अनुदानाची रक्कम, जी परत करायची नाही आणि जिच्यावर कोणाचा तगादा नाही, ती पीक पैसा देत नाही त्या महिन्यांत उत्पन्न उभे करण्यासाठी राखावी.

पहिली पायरी: किती येते आणि केव्हा येते, हे नक्की करा

केंद्राची पीएम-किसान योजना 1 डिसेंबर 2018 पासून लागू आहे. तीत पात्र कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे हप्त्यांचे तीन कालखंड आहेत. राज्याने 2023 च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी 6,000 रुपये मिळतात आणि त्याचा पहिला हप्ता 26 ऑक्टोबर 2023 रोजी शिर्डी येथून वितरित झाला. दोन्ही मिळून वर्षाला 12,000 रुपये होतात. घरातील पात्र स्त्रीला जुलै 2024 पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळत असतील, तर ती रक्कम वेगळी. मात्र शेतकरी निधीचे हप्ते तिच्याच नावे येत असतील, तर तिला फक्त 500 रुपयांचा फरक मिळतो.

या पैशांचा भरवसा रकमेबाबत ठेवावा, तारखेबाबत नव्हे. 2025 सालचा एप्रिल-जुलै कालखंडाचा पीएम-किसान हप्ता 2 ऑगस्टला जमा झाला, म्हणजे पेरणी आणि शाळाप्रवेश दोन्ही उरकल्यानंतर. हप्ता येणार म्हणून दुकानदाराला शब्द देणाऱ्याची त्या वर्षी जून-जुलैत काय अडचण झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. हप्ता खात्यात जमा झाला म्हणजेच आला, असे समजून पुढचे नियोजन करावे.

हप्ता अडकण्याची कारणे बहुधा तीनच असतात: ई-केवायसी (आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी) अपूर्ण असते, जमिनीची नोंद पोर्टलवर जोडलेली नसते किंवा आधार बँक खात्याशी संलग्न नसते. यातल्या तिसऱ्या कारणाने नवख्यांची सर्वाधिक दमछाक होते. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असणे आणि थेट लाभासाठी आधार त्या खात्याशी संलग्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम शेवटी ज्या बँकेत ही संलग्नता झाली त्या बँकेत जाते, आणि म्हणून "पैसे आलेच नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे पैसे दुसऱ्याच, विसरून गेलेल्या खात्यात पडलेले असतात. ते खाते बंद वा निष्क्रिय असेल, तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे आधारसंलग्न खाते काढणे हा सोपा उपाय आहे. महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, तो गावच्या सेवा केंद्रात काढून ठेवावा. जमीन वडिलांच्या निधनानंतर नावावर झाली असेल, तर आधी फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव आले पाहिजे. त्याआधी केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. पीएम-किसानबाबत चौकशीसाठी 155261 हा क्रमांक आहे.

दुसरी पायरी: घरातील पैशाचे वर्ष कागदावर मांडा

एका वहीच्या पानावर बारा महिने लिहून प्रत्येक महिन्यापुढे येणारा आणि जाणारा पैसा मांडावा. औसा किंवा उमरगा तालुक्यातील तीन एकरवाल्या कुटुंबाचे पान साधारण असे दिसेल: सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत आणि त्यानंतर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मजुरीखेरीज काहीच नाही. खर्च मात्र नेमका याच रिकाम्या महिन्यांत येतो. एप्रिल-मेमध्ये लग्नकार्ये, जूनमध्ये शाळा आणि बियाणे, जुलैत फवारणी व खुरपणीची मजुरी, पुढे पोळा आणि गौरी-गणपती. गावातली उधारी आणि सावकारी याच सात महिन्यांवर चालते, आणि याच महिन्यांमुळे सोयाबीन खळ्यावरून थेट आडतीला जाऊन पडेल त्या भावात विकावे लागते.

हे पान समोर ठेवले की जोडउत्पन्न म्हणजे काय हे आपोआप कळते. सोयाबीनच्या जोडीला मूग-उडीद लावणे हे पीकबदलाच्या दृष्टीने चांगले असले, तरी त्याच पावसावर अवलंबून असलेले आणि खरिपातच पैसा देणारे पीक या सात महिन्यांची पोकळी भरून काढत नाही. दुसरा स्रोत वेगळ्या महिन्यात पैसा देणारा आणि वेगळ्या धोक्याचा हवा, म्हणजे पावसाने पीक गेले तरी तो पूर्ण बुडू नये.

तिसरी पायरी: आधी महागडी उधारी मिटवा, मग रक्कम साठवा

घरावर शेकडा तीन रुपये महिन्याने घेतलेले पैसे असतील, तर ते वर्षाला 36 टक्के व्याज झाले. इतका परतावा खात्रीने देणारा कोणताही जोडधंदा मला माहीत नाही. अशा वेळी पहिले दोन-तीन हप्ते त्या कर्जाच्या मुद्दलात घालणे हीच सर्वांत चांगली गुंतवणूक ठरते, जरी त्यातून दाखवायला काही उभे राहत नसले तरी.

उधारी नसेल, तर हप्ते साठवावे लागतात, आणि हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. केनियाच्या पश्चिम भागातील रारिएडा येथे 2011 ते 2013 या काळात गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम देऊन त्याचा अभ्यास झाला. काहींना ती एकरकमी आणि काहींना दरमहा विभागून दिली होती. दरमहा मिळणाऱ्यांच्या घरात खाण्यापिण्याची स्थिती सुधारली, तर टिकाऊ वस्तूंची खरेदी एकरकमी मिळणाऱ्यांनी अधिक केली. यात वावगे काही नाही. थोडी रक्कम थोड्याच कामाला लागते. ओडिशाने डिसेंबर 2018 मध्ये आणलेल्या कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांसाठी 12,500 रुपयांचे साह्य शेळीपालन, कोंबडीपालन, अळिंबी, मधमाशी अशा जोडधंद्यांच्या नावानेच ठेवले होते. आपल्याकडच्या हप्त्यांना असे नाव चिकटवलेले नाही, ते काम कुटुंबालाच करावे लागते.

त्यासाठी दोन साधे उपाय आहेत. हप्ता ज्या खात्यात येतो त्यातून तो त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्यात, शक्यतो घरातील स्त्रीच्या नावे असलेल्या खात्यात किंवा टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीत वळवावा. दुसरे म्हणजे खरेदीचा महिना आधीच ठरवावा; "जमले की घेऊ" असे म्हटले की ती रक्कम एखाद्या लग्नाच्या आहेरात जाते. शक्य असल्यास पीककर्जाच्या खात्यात हप्ता येऊ न देता वेगळे बचत खाते संलग्न करावे, म्हणजे दोन्हींचे हिशेब एकमेकांत मिसळत नाहीत.

लाडकी बहीण योजनेची रक्कम या साठवणीत धरायची की नाही, हे त्या स्त्रीने ठरवावे. ती रक्कम तिची आहे, आणि शेळ्या-कोंबड्यांचे नव्वद टक्के काम तिच्याच अंगावर पडणार असते हे तर प्रत्येक घरात ठाऊक असते. तिचे काम आणि तिचा पैसा घेऊन विक्रीची रक्कम दुसऱ्याच्या खिशात गेली, तर तो धंदा दुसऱ्या वर्षी चालत नाही.

चौथी पायरी: काय करायचे ते निवडा

निवडताना चार प्रश्न विचारावेत. पैसा रिकाम्या महिन्यांत येईल का? चारा, जागा, पाणी यांपैकी काय घरचेच आहे? माल विकायला आठवडी बाजार किंवा तालुक्याचे गाव पुरेसे आहे का? आणि सुरुवात एका वर्षाच्या साठवणीत होऊ शकते का?

सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात या चारही प्रश्नांना शेळी बऱ्यापैकी उत्तर देते. तुरीचे आणि सोयाबीनचे भुसकट घरचे असते, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावता येते, आणि उस्मानाबादी ही याच मातीतली, उन्हाळा सोसणारी व जुळी देणारी जात आहे. पण शेळीकडून पहिल्या वर्षी रोख पैशाची अपेक्षा ठेवू नये. गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो आणि नर विक्रीयोग्य व्हायला आठ-नऊ महिने लागतात. दोन-तीन महिन्यांची गाभण शेळी घेतली तरी पहिली विक्री साधारण वर्षभराने होते.

म्हणून पहिल्या वर्षासाठी शेळीच्या जोडीला पंधरा-वीस कोंबड्या ठेवाव्यात, असे मी सुचवतो. गिरिराज, वनराज यांसारख्या परसातल्या सुधारित जातींची चार ते सहा आठवड्यांची पिले आणल्यास कोवळ्या पिलांना ऊब देण्याचा व्याप वाचतो आणि साधारण पाच-सहा महिन्यांनी अंडी सुरू होतात. ही रक्कम मोठी नसते, पण ती दर आठवड्याला येते आणि तेल-मिठाचा खर्च उधारीवर जाऊ देत नाही. श्रावणात मागणी पडते, त्याआधी आखाडात नर काढून टाकावेत. कोंबड्यांचा खरा शत्रू मानमोडी (राणीखेत) हा रोग. लसीकरण चुकले, तर एका आठवड्यात खुराडे रिकामे होते, आणि मुंगूस त्यामानाने सभ्य वाटू लागते.

विहिरीला उन्हाळ्यात थोडे पाणी राहत असेल, तर दोन गुंठ्यांवर कोथिंबीर-मेथी हा सर्वांत लवकर, म्हणजे तीस ते पंचेचाळीस दिवसांत, पैसा देणारा मार्ग आहे. भाव मात्र आठवड्यागणिक बदलतात, तेव्हा एकदम सगळे न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावे. बांधावरचा शेवगा दुसऱ्या वर्षापासूनचा विषय आहे. धिंगरी अळिंबी शिकायला सोपी आहे, पण जवळ हॉटेले किंवा शहर नसेल, तर ती घ्यायला कोणी येत नाही आणि ती दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. लातूर शहराच्या आसपास राहणाऱ्यांनी विचार करावा, इतरांनी नको.

एक धंदा मात्र कोणीही, कुठेही करू नये: ज्यात कंपनी महागडी पिले देते, खाद्य देते आणि "माल आम्हीच चढ्या दराने परत घेऊ" असे लिहून देते. ईमू पक्ष्यांच्या वेळी हेच झाले आणि 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या नावाने पुन्हा तेच झाले. ज्या मालाला गावच्या बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याचा भाव कागदावर कितीही असो, तो भाव नव्हे.

पाचवी पायरी: खरेदी

शेळीची खरेदी नोव्हेंबर-डिसेंबरात करावी. पावसाळी रोगांचा जोर ओसरलेला असतो, सोयाबीनचे भुसकट घरात आलेले असते आणि तुरीचे येणार असते. बाजारातून घेण्यापेक्षा ओळखीच्या कळपातून घेणे केव्हाही बरे, कारण तिथे शेळीची आई पाहता येते आणि तिला जुळी होतात की नाही हे विचारता येते. बाजारातूनच घ्यायची झाल्यास घाईने दाम ठरवू नये. पुढील गोष्टी हाताने तपासाव्यात.

तोंड उघडून दात पाहावेत. पुढचे दोन दुधाचे दात पडून मोठे आलेली "दोन दाती" शेळी साधारण सव्वा-दीड वर्षाची असते आणि सुरुवातीला हीच घ्यावी. आठ दाती म्हणजे तोंड भरलेली शेळी स्वस्त मिळते, पण तिची थोडीच वेते उरलेली असतात. डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढावी: आतला भाग लालसर असेल तर ठीक, पांढुरका असेल तर पोटात जंत आहेत आणि रक्त कमी आहे. शेपटीखाली लेंडी चिकटलेली असेल, तर हगवण आहे. कास दाबून पाहावी. गाठ लागली किंवा एक सड आंधळा निघाला, तर जुळ्यांपैकी एक करडू उपाशी राहील हे नक्की. शेवटी शेळीला चार पावले चालवून खुरे पाहावीत. व्यापारी या तपासणीला हसतो किंवा चिडतो. चिडला तर पुढच्या दावणीकडे जावे.

घरी आणल्यावर पंधरा दिवस इतर जनावरांपासून वेगळी बांधावी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन कानाला बिल्ला, जंतनाशक आणि लसीकरण करून घ्यावे. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या दोन रोगांच्या लसी चुकवू नयेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, कोवळे गवत उगवण्याच्या आधी देतात. बिल्ला असल्याशिवाय विमा होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात शेतकऱ्याच्या हिश्शाचा हप्ता 2024 मध्ये 15 टक्क्यांवर आणला आहे, तेव्हा दवाखान्यातच त्याची चौकशी करावी. सुरुवातीला बोकड पाळण्याची गरज नाही, गावातल्या चांगल्या बोकडाकडे न्यावे; पण तो बोकड या शेळीचाच भाऊ किंवा बाप नसल्याची खात्री करावी.

सहावी पायरी: हिशेब

उदाहरणादाखल आकडे मांडतो. आपल्या बाजारातील दर घालून ते पुन्हा करावेत. दोन दोन-दाती शेळ्या प्रत्येकी 8,000 रुपयांना धरल्या, तर 16,000 होतात. वर्षाचे 12,000 अनुदान आणि सोयाबीनच्या पैशातून 4,000 असे ते उभे राहतात. त्यांपैकी एकीला जुळी आणि दुसरीला एक अशी तीन करडे जगली, त्यांतली पाट (मादी करडू) घरी ठेवली आणि दोन नर नऊ महिन्यांनी 18 किलो वजनाचे झाले. जिवंत वजनाचा दर किलोला 350 रुपये धरला, तर एका नराचे 6,300 आणि दोघांचे 12,600 रुपये येतात. औषध, खुराक, मीठ-चाटण आणि विमा यांवर 3,500 रुपये गेले, तर हातात 9,100 रुपये राहतात, आणि दोन शेळ्या व एक पाट दावणीला कायम असतात. एक नर करडू मेले, तर हाच आकडा 2,800 वर येतो. म्हणून करडांच्या पहिल्या तीन महिन्यांकडे, जन्मानंतर अर्ध्या-एक तासात चीक पाजण्याकडे आणि कोरड्या, वाऱ्याच्या झोतापासून दूर असलेल्या जागेकडे, खरेदीइतकेच लक्ष द्यावे.

विकताना अंदाजाने नगावर सौदा न करता काट्यावर वजन करावे. तराजू नसेल, तर किराणा दुकानातला टांगता काटा दिवसभरासाठी मागून आणावा. नर राखण्याची ऐपत असेल, तर बकरी ईदसाठी राखणे फायद्याचे ठरू शकते, कारण कुर्बानीसाठी बकरा किमान एक वर्षाचा लागतो आणि त्या आठवड्यात दर चढतात. ही ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. पेरणीआधीच्या रिकाम्या महिन्यांत पैसा आणणारी ही विक्री असल्यामुळे, पुढच्या काही वर्षांच्या तारखा आधी पाहून त्यामागे बारा-चौदा महिने वीत येईल अशी शेळी लावणे, हे दुसऱ्या वर्षी शिकण्यासारखे काम आहे.

वहीत रोज लिहिण्याची गरज नाही. खरेदी, औषध, वीत, मरतूक आणि विक्री एवढ्या पाचच नोंदी तारखेसह ठेवाव्यात, पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात आणि अंड्यांचा हिशेब आठवड्याला एका ओळीत लिहावा.

सातवी पायरी: दुसऱ्या वर्षी वाढवणे

पहिल्या वर्षी कर्ज काढून दहा शेळ्या घेणाऱ्यांचे उत्साहाबद्दल कौतुक करावे, पण अनुकरण करू नये. शेळी आजारी पडल्याचे ओळखता येणे, चारा किती दिवस पुरतो याचा अंदाज असणे आणि बाजारातील चार व्यापारी ओळखीचे असणे, या गोष्टी दोन शेळ्यांवरही तितक्याच नीट शिकता येतात आणि चूक झाली तरी घर उघड्यावर पडत नाही.

वर्षभर वही भरली असेल, तर पुढचे दरवाजे उघडतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत दहा शेळ्या व एक बोकड असा गट सर्वसाधारण प्रवर्गाला 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदानावर मिळतो, परंतु उरलेला हिस्सा लाभार्थ्याने भरायचा असतो. निवड होऊनही ऐन वेळी स्वहिस्सा नसल्यामुळे नाव सोडून देणारे अनेक असतात, आणि साठवलेले हप्ते तिथे कामी येतात. शेडसाठी रोजगार हमी योजनेतून ग्रामपंचायतीकडे मागणी करता येते. घरातील स्त्री उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात असेल, तर गटाच्या अंतर्गत कर्जातून तीन-चार शेळ्यांची भर घालणे बँकेत खेटे घालण्यापेक्षा सोपे पडते. किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनासाठीही आहे आणि त्याखाली दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजसवलत मिळते. शाखेत जाताना सातबारा, आधार आणि पासबुकाबरोबर बिल्ल्यांचे क्रमांक, विम्याची पावती आणि विक्रीच्या नोंदी असलेली वही न्यावी, आणि अर्ज दिल्याची तारखेसह पोच मागून घ्यावी.